गूगल अर्थ प्रो : गावाच्या कडेला झोन कुठला, या भांडणात किती कामाचं?

गाव वाढायला लागलं की कडेच्या शेतजमिनीवर कुठला झोन टाकायचा (म्हणजे ती शेतीसाठी ठेवायची की घरांसाठी मोकळी करायची) यावरून जी वादावादी होते त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथे आधीपासून असंच होतं"... आणि गंमत म्हणजे हे दोन्ही पार्ट्या म्हणतात, प्लॉटिंग हवं असणारे पण आणि शेती वाचवा वाले पण. या वाक्याची खातरजमा करायची तर गूगल अर्थ प्रो टाका, म्हणजे गूगलचं उपग्रहाची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर, कम्प्युटरवरचं, मोबाइलवालं नाही. एकेकाळी याला वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागायचे, २०१५ पासून फुकट आहे.

सगळी मजा वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या बटणात आहे. ते दाबलं की स्लायडर येतो, तो मागे ओढत जायचं आणि तीच जागा जुन्या सालात बघायची. अगदी मागची, १९८० च्या दशकातली चित्रं नुसती धुरकट, त्यात घर शोधत बसू नका, पण शेत, झाडी आणि वस्ती यातला फरक ढोबळमानाने कळतो. अलीकडची मात्र इतकी स्पष्ट की बांधावरचं एकेक झाड मोजता येतं. आणि इथेच दोन्ही पार्ट्यांची पंचाईत होते बरं का! जे म्हणतात वाढ थांबवा, त्यांना दिसतं की नकाशावर शेती झोन असला तरी त्यात दहा-पंधरा वर्षांत घरं उगवलेलीच आहेत, धड रस्ता नाही ड्रेनेज नाही, कशीही, आणि जे म्हणतात ही पडीक जमीन आहे कशाला अडवता, त्यांना दिसतं की सालोसाल तिथे पीक उभं होतं, पडीक पडली ती झोन बदलायची चर्चा सुरू झाल्यावर.

दुसरं फीचर फार कमी लोक वापरतात पण माझ्या मते खरं काम तेच करतं. झोनिंगचा प्रस्तावित नकाशा इमेज म्हणून सेव्ह करा (पीडीएफ असेल तर आधी जेपीजी करून घ्या), मग अॅड मेनूतून इमेज ओव्हरले, मग हिरव्या खुणा ओढून ओढून नकाशा खालच्या जमिनीवर बसवायचा आणि ट्रान्सपरन्सीचा स्लायडर अर्ध्यावर आणायचा. बसवताना पूल, जुना रस्त्याचा फाटा असल्या न हलणाऱ्या गोष्टी धरा नाहीतर सगळं तिरकं जातं, पहिल्यांदा वैताग येईल, येऊ द्या. बसला की कागदावर निरागस दिसणारा पिवळा पट्टा ओढ्यावरून जातोय का, रुंद करायचा रस्ता कुणाच्या विहिरीवरून जातोय, सगळं उघडं पडतं. सुनावणीत तासभर तावातावाने बोलण्यापेक्षा हा एक स्क्रीनशॉट भारी.

रूलरमध्ये पॉलिगॉन काढला की क्षेत्रफळ एकरात, हेक्टरात लगेच मिळतं. "थोडीशीच जमीन जाणार" म्हणणाऱ्यांसाठी उत्तम.

आता जिथे फसाल ते. ढगाआडचं उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसत नाही त्यामुळे स्वच्छ चित्रं बहुतेक कोरड्या दिवसांतली असतात, म्हणजे पावसाळ्यात दुथडी वाहणारा ओढा फोटोत कोरडी रेघ, आणि मग कुणीतरी म्हणणारच की बघा इथे पाणी नाहीच. अशा वेळी पाणी शोधू नका, झाडांची गडद वळणदार रांग शोधा. शहराची चित्रं वरचेवर बदलतात, खेड्याच्या कडेची मात्र दोन चित्रांमध्ये कधीकधी काही वर्षांची गॅप असते आणि नेमकं जे बांधकाम कधी झालं ते बघायचंय ते त्या गॅपमध्ये. एकाच स्क्रीनवर वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असू शकतात हे पण लक्षात ठेवा. वेगवेगळ्या सालातली चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली पण असतात, त्यामुळे शेजाऱ्याने बांध कोरला का हे यावरून ठरवायला जाऊ नका, त्याला मोजणीच लागते. उंचीचे आकडे पण ढोबळ, उतार कुठल्या दिशेला एवढं विचारा, पाणी कुणाच्या ओट्याला लागेल ते नको.

बाकी जागा काय होती ते हे सॉफ्टवेअर सांगतं, काय व्हावी ते नाही. पोराला घर बांधायला जागा हवी आणि समोरच्याला पिकाऊ जमीन राहायला हवी, दोघंही खरे, ते भांडण माणसांनीच बसून करायचं.

५ पैकी ४ स्टार. एक टीप, प्रिंट काढताना चित्राची तारीख त्यावर येतेय ना ते बघा आणि केएमझेड फाइल (बसवलेला नकाशा आणि खुणा एकत्र सेव्ह केलेली) विरुद्ध पार्टीला पण पाठवा, त्यांनी स्वतः उघडून बघितलं तर "फोटो एडिट केलाय" हा मुद्दा तरी निघणार नाही.