माकडांच्या विमानप्रवासाचा प्लायवूड क्रेट: दार भक्कम, पाण्याची सोय कच्ची

मॉरिशसहून अमेरिकेतल्या प्रयोगशाळांकडे जाणाऱ्या लांब शेपटीच्या माकडांसाठी एकाच जनावराचा जो प्लायवूड क्रेट मिळतो, त्याबद्दल हा अभिप्राय. प्लाय १२ मिमी, आतलं माप ६० × ४५ × ६० सेंमी, रिकामं वजन साधारण १४ किलो. तीन ते सहा किलोच्या माकडाला हे माप बरोबर आहे: सरळ बसता येतं, वळता येतं, आडवं होता येतं. आयाटाचे (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) जिवंत प्राण्यांचे नियम हेच मागतात. दया येऊन मोठा क्रेट घेऊ नका, विमान हललं की जनावर त्यात आपटतं.

दाराला पैकीच्या पैकी गुण. ते वर सरकतं, दोन्ही बाजूंना कडी आहे आणि कडीला बाहेरून फिरकीचा स्क्रू आहे. नुसती कडी माकड जाळीतून बोटं घालून हळूहळू सरकवतं, स्क्रू मात्र त्याच्या हाताला लागत नाही. कुलूप लावू नका. वाटेत दार उघडायची वेळ आली तर किल्ली कुणाकडे शोधणार? नंबर असलेलं प्लास्टिकचं सील पुरे.

खरी रड पाण्याच्या भांड्याची. अमेरिकी नियमानुसार एक वर्षावरच्या माकडाला १२ तासांत एकदा पाणी आणि २४ तासांत एकदा खाणं द्यावंच लागतं, आणि हा प्रवास एका दिवसाच्या वर जातो. इथे भांडं जाळीच्या आतून टांगलंय. भरायचं तर जाळीवरचा गोणपाटाचा पडदा उचलून आपलं तोंड जाळीजवळ न्यावं लागतं. पडदा उचलला की उजेडाने माकड बिथरतं, थुंकी किंवा लघवीचा थेंब थेट डोळ्यात उडू शकतो. बी व्हायरस हा मकाक जातीच्या माकडांतला, माणसाला जीवघेणा ठरणारा विषाणू; लांब शेपटीची माकडंही मकाकच. मॉरिशसची माकडं त्यापासून मुक्त समजली जातात, तरी हाताळताना प्रत्येक मकाक बाधित आहे असंच धरायचं. १९९७ मध्ये अटलांटाच्या माकड-संशोधन केंद्रातली २२ वर्षांची कर्मचारी डोळ्यात उडालेल्या थेंबातून याच विषाणूची लागण होऊन दगावली. त्यामुळे ऑर्डर देतानाच पडद्याखालून बाहेर येणारी नळी आणि तिला नरसाळं मागून घ्या. भांडं अर्धंच भरा, सोबत काकडी किंवा संत्र्याच्या फोडी ठेवा. काठोकाठ भरलेलं पाणी उड्डाणात सांडतं, भुसा भिजतो आणि ओलाव्याने माकड गारठतं. भरणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि पूर्ण चेहऱ्याची शील्ड घालायलाच हवी.

खालचा ट्रे ठीक आहे. जाळीची फळी तळापासून वर उचललेली असल्याने जनावर घाणीत बसत नाही. पण भुशाखाली शोषक पॅड टाकाच, नाहीतर लघवी साचून अमोनियाचा वास बंद जागेत कोंडतो.

हवेची भोकं तिन्ही बाजूंना आहेत, पण अंतर राखणाऱ्या पट्ट्या दोनच बाजूंना. क्रेट एकाला एक चिकटवून रचले की मागची भोकं बुजतात. मागेही २.५ सेंमी जाडीच्या दोन पट्ट्या ठोकून घ्या. स्क्रूची टोकं आत आलेली नाहीत ना, हे हात फिरवून बघा.

आणखी एक जागा जिथे माल अडकतो: प्लायला कीडनाशक प्रक्रियेची सक्ती नाही, पण चौकटीच्या सागवानी किंवा पाइनच्या पट्ट्यांना आहे. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला हवा, आणि तसा शिक्का हवा. ऐनवेळी सुताराने एखादी पट्टी बदलली तर तिच्यावर शिक्का नसतो, आणि कस्टम्सला तेवढंच दिसतं.

गुंगीचं औषध देऊन पाठवू नका. रक्तदाब आणि शरीराचं तापमान दोन्ही ढळतं. प्रत्येक क्रेटचा नंबर आणि माकडाचा मायक्रोचिप नंबर सायटिस (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परमिटच्या यादीशी आणि आरोग्य दाखल्याशी जुळवून ठेवा. सायटिसचा निर्यात परवाना सहाच महिने चालतो, म्हणून विमानाची तारीख आधी पक्की करा. कागदपत्रांचं हे सगळं मुंबईत प्राणी उतरवणाऱ्यांनाही लागू आहे.

१९८९ मध्ये फिलिपिन्सहून आलेल्या माकडांत व्हर्जिनियातल्या रेस्टन इथे इबोलाचा प्रकार सापडला आणि त्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले. विलगीकरण किमान ३१ दिवसांचं, आणि क्रेट, भुसा सगळा संसर्गजन्य कचरा धरला जातो. लाकूड नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून हा क्रेट एकदाच वापरायचा आणि जाळायचा. परतीचा खर्च धरून हिशेब मांडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

प्राणिसंग्रहालयांनी संवर्धन-प्रजननासाठी मार्मोसेट किंवा टॅमरिन (खारीएवढी छोटी माकडं) आणायचे तर हा क्रेट घेऊच नये. याच्या २० मिमीच्या जाळीतून त्यांचा अख्खा हात बाहेर येतो, आणि जोडीला एकत्र झोपायला बंद पेटीही यात नाही. त्यासाठी १२ मिमीची जाळी आणि आत लाकडी झोपण्याची पेटी असलेला वेगळा क्रेट बनवून घ्या.