लॅपटॉपची स्क्रीन सारखी काळी पडायची: केबल बदलल्यानंतरचे नऊ महिने

२० जून २०२४. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे साडेसात, मोबाईलवर ओटीपी येऊन पडलेला आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी. पंखा फिरत होता, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा बारीक दिवा लागत होता, म्हणजे यंत्र चालू होतं. दिसत मात्र काही नव्हतं. घाबरून झाकण मिटलं, पुन्हा उघडलं, तर सगळं जागच्या जागी. रिटर्न वेळेत गेलं, पण त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

मी मुलुंडला राहते आणि मशीद बंदर, काळबादेवीतल्या सहा व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. लॅपटॉप फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेला, १५.६ इंची, साधा फुल एचडी. आठवड्यातले चार दिवस तो माझ्याबरोबर लोकलने जातो-येतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे बिघडलं ते झाकणाच्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये बिघडू शकतं. नऊ महिन्यांपूर्वी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे आणि बराच मनस्ताप वाचला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जून संपेपर्यंत दिवसातून दोनदा होणारं दहा-पंधरा वेळा व्हायला लागलं. आधी सगळे करतात तेच मी केलं. रीस्टार्ट, विंडोज अपडेट, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकणं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बारीकसा 'बीप' येतो. बीप आला, स्क्रीन काळीच राहिली. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. त्यानंतर दोन दिवस काहीच झालं नाही, त्यामुळे उपाय लागू पडला असं मी धरून चालले. ते दोन दिवस घरूनच काम होतं आणि लॅपटॉप टेबलावरून हललाच नव्हता, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. त्यांनी विंडोज फॉरमॅट केलं, बाराशे रुपये घेतले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप माझ्याकडे पेन ड्राइव्हवर होता म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा नेल्यावर म्हणाले, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय, बावीस हजार होतील." कशावरून म्हणता, असं विचारलं तर "चेक केलंय" एवढंच उत्तर. मला खरंच राग आला. आमच्या घरात त्या लॅपटॉपवर दोन माणसांचं शिक्षण चाललंय. दुरुस्ती महाग असेल तर असेल, पण आधी दुखणं काय आहे ते तरी नीट सांगा.

लॅपटॉप घरी परत आणला आणि त्या रात्री नवरा, मुलगा आणि मी असे तिघं बसलो. त्या दोन तासांत जे कळलं ते आधीच्या पंधरा दिवसांत कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट केली ती टीव्हीला जोडण्याची. एचडीएमआय वायर लावली, लॅपटॉपची स्क्रीन काळी पडल्यावर टीव्हीकडे बघितलं, तर तिथे चित्र अगदी स्वच्छ. मदरबोर्डवरची ग्राफिक्सचं काम करणारी चिप मेली असती तर सहसा टीव्हीवरही गडबड दिसली असती. मदरबोर्डवरचा माझा संशय तिथेच बराच कमी झाला.

नंतर खोलीतले दिवे घालवले आणि मोबाईलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरका धरला. अगदी अंधुक, पाण्याखाली असल्यासारखं, टॅलीचं पान दिसलं. गेटवे ऑफ टॅलीची ती ओळखीची यादी, आणि बाणाची बटणं दाबली की तिच्यातली पट्टी खाली-वर सरकत होती! माझा जीव भांड्यात पडला. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही, त्याच्यामागे एलईडीची पट्टी असते. चित्र अंधुक का होईना दिसतंय म्हणजे चित्र तयार होतंय, मागचा उजेड तेवढा जातोय. (ज्यांची स्क्रीन ओलेड आहे त्यांना ही टॉर्चची युक्ती उपयोगाची नाही, तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो.) कधीकधी मात्र टॉर्चमध्येही काही दिसायचं नाही, आणि काळी पडायच्या आधी दोन-तीन आडव्या रेघा चमकून जायच्या. म्हणजे एकच तार तुटली आहे असंही नव्हतं.

मग लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, गेलो. बटण कंपनीप्रमाणे बदलतं. बायोसमध्ये विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, काही नाही. तिथे झाकण हळूहळू मागे नेलं आणि स्क्रीन काळी पडली. फॉरमॅट करणं फुकट गेलं होतं, हे तिथे स्पष्ट झालं. ही तपासणी कुणालाही घरी करता येते आणि पाच मिनिटं लागतात. दुकानात जायच्या आधी एवढी तरी कराच.

शेवटचं काम मुलानं केलं. तो आठवीत होता. कंपासपेटीतून कोनमापक काढून त्यानं बिजागरीपाशी धरला आणि मला म्हणाला, "आई, तू झाकण उघड, मी आकडे लिहितो." मी पूर्ण मिटलेल्या झाकणापासून सुरुवात करून बोटभर बोटभर उघडत गेले. ९० अंशांपर्यंत स्क्रीन नीट. ९५ ला थरथर. ९५ ते ११० च्या दरम्यान काळी. ११५ नंतर पुन्हा उजेड. तीनदा केलं, तिन्हीदा एक-दोन अंशांच्या फरकानं तेच. मी खुर्चीत बसून काम करते तेव्हा झाकण साधारण १०५ वर असतं, म्हणजे ऐन मधोमध. स्क्रीनची काच मात्र चारी बाजूंनी हलकेच दाबून बघितली, तर काही फरक पडला नाही. दुखणं काचेत नव्हतं, वळणावर होतं.

झाकण आणि मदरबोर्ड यांना जोडणारी एक चपटी केबल असते. चित्र, मागच्या उजेडाची वीज आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याच्या ताराही त्यातूनच जातात. ती बिजागरीला वळसा घालून जाते, त्यामुळे झाकण उघडलं-मिटलं की प्रत्येक वेळी वळते. दिवसातून दहा वेळा धरलं तरी साडेतीन वर्षांत बारा हजारांवर वळणं झाली. आतल्या तारा केसासारख्या बारीक असतात. एखादी तुटली की तिची दोन टोकं एका कोनात चिकटतात आणि दुसऱ्या कोनात सुटतात. चार्जर काढून बटण दाबल्यावर दोन दिवस बरं का वाटलं, त्याचंही उत्तर यातच होतं.

शनिवारी, ६ जुलैला, लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दादरला गाडी बदलून वेस्टर्नची स्लो पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, थोडं चाललं की लॅपटॉप-कॉम्प्युटरच्या दुकानांची रांग सुरू होते. तीन दुकानांत विचारलं. पहिल्यानं न उघडताच पॅनल, म्हणजे अख्खा पडदाच, बदला म्हणून सांगितलं, साडेसहा हजार. दुसऱ्याकडे वेळ नव्हता. तिसऱ्या दुकानातल्या दादाला मी कोनमापकाचा कागद दाखवला. त्यानं तो वाचला, झाकण दोनदा हलवलं आणि म्हणाला, "ताई, एलव्हीडीएस गेलीय. पॅनलला हात लावायची गरज नाही." एलव्हीडीएस म्हणजे स्क्रीनची हीच केबल. नव्या लॅपटॉपमध्ये ती ईडीपी जातीची असते, पण बाजारात अजून सगळ्यांना एलव्हीडीएसच म्हणतात. मागायला जाल तेव्हा हा शब्द माहीत असलेला बरा.

त्यानं माझ्यासमोरच उघडलं. सगळ्यात आधी आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढला. स्क्रीनच्या केबलमध्ये उजेडाची वीज असते, बॅटरी जोडलेली ठेवून ती ओढली तर बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो. घरी स्वतः उघडणाऱ्यांनी हे विसरू नका. डाव्या बिजागरीपाशी केबलवरची काळी पट्टी घासून आतली तार चमकत होती. आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली: बिजागरी फार घट्ट झाली होती आणि तिच्याखालच्या प्लास्टिकला बारीक चीर गेली होती. मी वर्षानुवर्षं एका हातानं, झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला धरून लॅपटॉप उघडत होते. सगळा पीळ बिजागऱ्यांवर आणि केबलवर. जुनी केबल मी मागून घेतली. नवी केबल, पॅनलच्या टोकाचे पिन साफ करणं, बिजागरीचं नट सैल करणं, सगळं मिळून सतराशे रुपये. बिलावर हातानं लिहिलेली तीन महिन्यांची वॉरंटी.

आता नऊ महिन्यांचा हिशेब.

घरी आल्यावर कॅमेरा चालेना. दुसऱ्या शनिवारी परत गेले, कनेक्टर अर्धा बसला होता, त्यानं पैसे न घेता बसवून दिला. दुकानातून निघण्याआधी स्क्रीनसोबत कॅमेरा आणि माइकही लावून बघायला हवा होता. पावसाळाभर चांगलं चाललं. बिजागरी सैल केल्यामुळे झाकण आता थोडं डुलतं, गाडी धक्के खाते तेव्हा जास्त. ते मला मान्य आहे.

ऑक्टोबरात, वॉरंटी संपायला चार दिवस असताना, स्क्रीन पुन्हा काळी पडली. मी सरळ दुकानात जायला निघाले होते. पण या वेळी काहीतरी वेगळं होतं. गाणं लावलेलं होतं, ते थांबलं. पंखाही थांबला. बटण दाबल्यावर पिन मागितला. जूनमध्ये यातलं काहीच होत नव्हतं, स्क्रीन जायची आणि बाकी सगळं चालू राहायचं. म्हणजे लॅपटॉप झोपत होता. मोबाईलला नवं झाकणाचं कव्हर घेतलं होतं, बंद राहावं म्हणून त्यात चुंबक असतं, आणि मोबाईल मी कीबोर्डच्या डावीकडे, मनगट टेकतो तिथे ठेवत होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वरच्या झाकणात चुंबक आणि खाली ते ओळखणारा सेन्सर असतो. माझ्या कव्हरचं चुंबक त्याच्यावर आलं की लॅपटॉपला वाटायचं झाकण मिटलं. मोबाईल उचलला, प्रश्न मिटला. चुंबकाच्या बांगडीनं किंवा घड्याळाच्या पट्ट्यानंही असं होऊ शकतं.

म्हणून स्क्रीन काळी पडली की आता मी आधी कान देते. आवाज चालू आहे का? पंखा? माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप जानेवारीत असाच काळा पडायचा, पण तिच्याकडे माउसचा बाण दिसत राहायचा आणि झाकण कितीही हलवलं तरी फरक नाही. तिथे अपडेटबरोबर आलेला ड्रायव्हर होता. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक' करून आधीचा ड्रायव्हर परत आणल्यावर थांबलं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली होती, ती डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाल्याची असते. चार्जर काढल्याबरोबर क्षणभर काळं होऊन परत येत असेल, तर काही लॅपटॉप बॅटरीवर जाताना रिफ्रेश रेट (सेकंदाला स्क्रीन किती वेळा नव्याने रंगते तो आकडा) बदलतात, तो दोष नाही.

लोकलची सवय बदलली आहे. लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना वहीच्या मापाचा जाड पुठ्ठा घालते, चार्जरचा ठोकळा वेगळ्या कप्प्यात. आधी तो झाकणावर टेकायचा आणि ८:०९ च्या गर्दीत पाठीमागून दाब आला की थेट काचेवर. शक्य असेल तर सॅक पुढे घेते. झाकण दोन्ही हातांनी किंवा मधोमध धरून उघडते, हे मुलालाही सांगून ठेवलं आहे.

एप्रिलमधल्या २० तारखेचं रिटर्नही यावरूनच भरलं, झाकण १०५ वर. नवा लॅपटॉप एवढ्यात घेणार नाही. बॅटरी मात्र थकली आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी या विंडोजच्या आज्ञेनं बॅटरी रिपोर्ट काढला, तर मूळच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांच्याही खाली आली आहे. पावसाळ्याच्या आधी एक शनिवार काढून ती बदलून घेणार, त्याच दादाकडे, आणि बिजागरीखालची ती चीर वाढली आहे का तेही त्याला बघायला सांगणार.