कुंडीतली सूर्यफुलं आणि त्यांच्या बिया : आठ महिन्यांचा अनुभव

दोन खेपा लावून, काढून, खाऊन झाल्यावर लिहितेय. फुलांसाठी नव्हे, बियांसाठी सूर्यफूल लावणार असाल तर एकटंदुकटं रोप लावू नका.

पहिल्या खेपेला मी तीन बिया आठवड्याआठवड्याच्या अंतराने पेरल्या. फुलं एकामागून एक उमलली, डोळे निवले. पण तबकडी चोळल्यावर निघालेले दाणे बोटांत दाबले की चपटे होत. बहुतेक पोचट! बऱ्याच जातींना दुसऱ्या रोपाचे पराग लागतात, हे तेव्हा कळलं. फुलदाणीसाठीच्या काही जातींत तर परागच नसतात, त्यामुळे पाकीट नीट वाचून घ्या. पेरणीच्या रंगीत, औषध लावलेल्या बिया चुकूनही खाऊ नका.

दुसऱ्या खेपेला पाच बिया एकाच दिवशी, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, थेट मोठ्या कुंड्यांत पेरल्या. सोटमुळामुळे सूर्यफुलाच्या रोपाला जागा बदललेली मानवत नाही. तबकडीतली बारीक फुलं कडेकडून मध्याकडे काही दिवस उमलत जातात. तेवढे दिवस रोज सकाळी मऊ ब्रश एका तबकडीवरून दुसरीवर फिरवला. मधमाश्याही येत होत्याच. दाणे भरले! मागची बाजू हिरवी होती ती पिवळी पडली की पक्ष्यांपासून वाचवायला मलमलचं कापड बांधलं आणि ती तपकिरी झाल्यावर तबकडी कापली.

मोठ्या तबकडीतून टरफलासकट साधारण ६० ग्रॅम बिया मिळाल्या, सोलल्यावर गर जेमतेम निम्मा. सोलणं खरंच वेळखाऊ आहे. लाटण्याने हलके फोडून पाण्यात टाकले की बरीचशी टरफलं तरंगतात, मग गर पूर्ण वाळवायचा.

मला सर्वांत आवडला तो भाजलेल्या गराचा लगदा. मिक्सरमध्ये आधी कोरडी पूड होते, मग गोळा होऊन भांड्याला चिकटतो. इथे थांबू नका. थांबत थांबत, कडा खरवडत फिरवत राहा. तेल सुटतं आणि तो गोळा चमकदार, ओघळता होतो. चिमूटभर मीठ पुरतं. तेल भरपूर असल्याने गर बाहेर राहिला की खवट होतो, म्हणून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवते.

याच लगद्याचा केक केला आणि कापला तर आतून हिरवा! बुरशी समजून टाकणार होते. पण बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल खाण्याच्या सोड्याशी मिळून हा रंग देतं, केक खायला चांगला असतो. पुढच्या वेळी सोडा कमी करून थोडा लिंबाचा रस घातला, रंग नेहमीसारखा आला.