छोट्या जुन्या ट्रॅक्टरमागे कुठला हार्वेस्टर लावायचा: ऑल-क्रॉप की 12ए?

इकडे अमेरिकेत मिडवेस्टच्या शेती लिलावांना गेलं की शेडच्या मागे गवतात उभे असलेले जुने, ट्रॅक्टरनं ओढायचे हार्वेस्टर अजून दिसतात, आणि ज्याच्याकडे दहा-बारा एकर आणि पंचवीस एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे त्याचा जीव तिथे अडकतोच. माझाही अडकला, अ‍ॅलिस-चामर्सचा ऑल-क्रॉप घ्यावा की जॉन डिअरचा 12ए, या दोन कंपन्यांच्या मशीनमध्ये. पण हार्वेस्टर बघायच्या आधी आपला ट्रॅक्टर नीट बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

मुद्दा लाइव्ह पीटीओचा. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, जो मशीन चालवतो, आणि लाइव्ह म्हणजे ट्रॅक्टर थांबवला तरी तो फिरत राहतो. फोर्ड 8एन किंवा फारमॉल एच असेल तर क्लच दाबला की पीटीओची ताकदही तुटते. म्हणजे दाट गहू आला, तुम्ही थांबायला क्लच दाबला, की आतला मळणीचा ड्रमही मंदावतो आणि काड तिथंच बसतं, मग अर्धा तास हातानं ओढून काढा. वर तो जड ड्रम फिरत राहून शाफ्टमधून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो, बांधाजवळ हे फार धोक्याचं आहे, म्हणून अशा ट्रॅक्टरला ओव्हररनिंग क्लच, म्हणजे मशीनकडून उलटी ताकद ट्रॅक्टरला येऊ न देणारा जोड, लावलाच पाहिजे. 8एनचा पीटीओ शाफ्ट 1 1/8 इंची, मशीनचा बहुतेक 1 3/8, तेव्हा अ‍ॅडॅप्टरही लागतो. अ‍ॅलिस-चामर्स डब्ल्यूडीला मात्र वेगळा हँड क्लच आहे, तो ओढला की ट्रॅक्टर उभा आणि पीटीओ चालू, आतलं सगळं निघून गेलं की परत पुढे, त्यामुळे तो या कामाला फार चांगला.

आता मशीन. अ‍ॅलिस-चामर्सचा ऑल-क्रॉप 60 हा 1930च्या दशकातला, इंडियानातल्या ला पोर्टच्या कारखान्यातला, कटर बार पाच फुटी आणि ड्रमही जवळजवळ तेवढाच रुंद. त्यामुळे पीक एका जागी गोळा न होता पातळ थरात आत जातं आणि छोट्या ट्रॅक्टरला ओढ कमी बसते. ड्रमच्या पट्ट्यांवर रबर असतं, त्यामुळे सोयाबीन, घेवडा, क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं बी असलं नाजूक दाणं फुटत नाही. ड्रमचा वेग बेल्ट-पुलीवर बदलता येतो, म्हणून तर नाव ऑल-क्रॉप. तोटा असा की जुनं रबर कडक होऊन तडकतं, नखानं दाबून बघा, दगडासारखं लागलं तर नवीन पट्ट्यांचा खर्च धरूनच बोली लावा.

जॉन डिअर 12ए सहा फुटी, सरळ मागे काड टाकणारा, लोखंडी खाचांच्या पट्ट्यांचा ड्रम. गहू-ओट्सला मस्त, पट्ट्या लवकर झिजत नाहीत, पण सोयाबीनला ड्रमचा वेग आणि खालची गॅप नीट लावली नाही तर डाळ करून ठेवतो. त्याची मोठी गोष्ट म्हणजे काहींवर स्वतःचं इंजिन असतं, म्हणजे लाइव्ह पीटीओची सगळी कटकट संपली, ट्रॅक्टरनं फक्त ओढायचं. 8एनवाल्यानं इंजिनवाला 12ए शोधावा असं माझं ठाम मत आहे, जरी एक जास्तीचं इंजिन सांभाळावं लागलं तरी. मी घेतला ऑल-क्रॉप, कारण माझ्याकडे डब्ल्यूडी आहे आणि गव्हाइतकंच सोयाबीन असतं.

दोन्हीत पीक वर नेणारा कॅनव्हासचा पट्टा असतो, त्यावर लाकडी पट्ट्या आणि कातडी बकल. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी तो सैल न करता तसाच सोडून झोपलो, रात्री दव पडलं, कॅनव्हास आकसला, सकाळी बघतो तर तीन पट्ट्या मोडून लोंबतायत. गहू वाळलेला, आकाशात ढग आणि मी अंगणात बसून रिव्हेट ठोकतोय. तेव्हापासून काम संपलं की आधी बकल सोडायचं, मग हातपाय धुवायचे.

बघायला जाल तेव्हा मोठी पुली हातानं फिरवा, सगळं फिरलं पाहिजे, कुठं खरखर आली तर बेअरिंग गेलं. धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाचा पत्रा खालून बोटानं दाबा, जुनं धान्य तिथं ओलं होऊन पत्रा गंजतो. चाळणीवर उंदराचं घरटं असेल तर कॅनव्हास कुरतडलेलाच समजा. आणि पीटीओवरचं कव्हर नसेल, बऱ्याचदा नसतंच, तर शेतात नेण्याआधी ते बसवा. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, बाही अडकली की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, आणि ड्रममध्ये काड अडकलं तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय हात आत घालू नका.