बसून शिकलेली लावणी

मी वाईजवळच्या एका शाळेत शिकवते आणि गेली १४ वर्षं गॅदरिंगचे नाच बसवते. पुण्यात लावणीचं दोन दिवसांचं शिबिर आहे म्हटल्यावर, चार नव्या स्टेप्स मिळतील एवढ्याच हिशेबाने मी २४०० रुपये भरले. स्टेप एकही मिळाली नाही. तरीही नाच बसवणाऱ्या प्रत्येकाने हे शिबिर करावं, असं मी मनापासून सांगेन.

शिकवणारा मुलगा २७ वर्षांचा. आधी टीव्हीवरच्या डान्स शोमध्ये ग्रुपच्या मागच्या रांगेत, मग सिनेमाच्या गाण्यांत नाचायचा. सगळीकडे लावणी म्हणजे वेग आणि ठुमका. त्यात त्याचं मन रमेना, म्हणून तो पुणे जिल्ह्यातल्या चौफुल्याला, संगीतबारीतल्या (लावणीच्या गाण्या-नाचाच्या पारंपरिक कार्यक्रमातल्या) एका वयस्कर गायिकेकडे वर्षभर दर आठवड्याला जात राहिला. त्यांनी पहिले चार महिने त्याला उभंच राहू दिलं नाही.

त्याने आमचंही तेच केलं. आम्ही २२ जण घुंगरांचे चाळ घेऊन गेलो होतो, ते दोन्ही दिवस पिशवीतच राहिले. मांडी घालून बसायचं, समोर पेटी आणि ढोलकी. ‘इतक्यात जाऊ नका’ अशा अर्थाची एकच ओळ पेटीवाले दादा म्हणणार आणि आपण ती ११ वेळा करायची, दर वेळी वेगळी. माझे तीन वेळा हात झाले, चौथ्याला मी अडले. तो शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, हात नंतर. ते उठलेत, दारात चप्पल घालतायत. कुठल्या पायात आधी घालतात ते बघा.” मी उंबऱ्याकडे बघितलं. ढोलकीवाल्यांनी कुणी न सांगता थाप रोखून धरली. माझ्या अंगावर काटा आला.

ही रीत त्याने शोधलेली नाही, तसा तो दावाही करत नाही. बैठकीची लावणी अशीच, एकेका ओळीवर अदा करत रंगते. आमच्या वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) हीच लावणी गायच्या, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावात राहून मी मुलींना कायम मोबाइलवरच्या गाण्यांवर नाचवलं, याची रुखरुख लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः बसवलेली बारा मिनिटांची रचना दाखवली. तिघी नर्तिका, त्यातली एक शेवटपर्यंत बसलेली. ढोलकीचा तोडा चढत जातो, दोघी भोवती फिरतात, ही उठत नाही. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि ती पायात चाळ बांधू लागते. तेवढाच आवाज. मधला जमिनीवर लोळण्याचा भाग मात्र मला उपरा वाटला. तो काढला तर रचना अजून धरून ठेवेल.

तक्रार दोनच. शहाबादी फरशीवर पातळ सतरंजी, गुडघे आठवडाभर बोलत होते. आणि २२ जण फार होतात, बाराच घ्या. माझी पाळी दोन दिवसांत तीनदाच आली.

परवा सहावीच्या मुलींना मी वर्गात बसूनच ‘आई, जाऊ नको’ करायला सांगितलं. दोघी-तिघींनी लगेच हात पुढे केले. मागच्या बाकावरची एक मात्र दाराकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, “बाई, आई बाजाराला चाललीय की गावाला?”