'श्यामची आई': शब्द शिकायला कितपत उपयोगी?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मुलांच्या हाती दिलं जातं ते संस्कारांसाठी. शब्द शिकवायला ते त्याहून जास्त वापरलं जावं, इतकं त्यातलं घरकामाचं मराठी जिवंत आहे.

पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. सहावी रात्र घ्या. आंघोळ झालेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओचे धोंडीवर पसरायला सांगतो. 'ओचे' पहिल्यांदाच वाचणारं मूल बहुधा 'पदर' म्हणेल. अंदाज अगदीच चुकलेला नाही: वस्तू कापडाची आहे, आईच्या अंगावरच आहे, तिने पाणी टिपता येतं, एवढं प्रसंगातून कळतं. पण पदर खांद्यावरून येतो. ओचा म्हणजे लुगड्याचा पुढचा, कमरेपाशी खोचलेला घोळ. हे प्रसंगातून उमगत नाही. इथे कोश उघडायचा आणि नऊवारीचं चित्रही दाखवायचं. कोशात मात्र 'ओचे' नव्हे, 'ओचा' शोधा. अनेकवचनावर अडून मुलं नाद सोडतात. बृहद्कोश या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शब्दकोश पाहता येतात.

एका बैठकीला एक रात्र आणि दोनच शब्द. पहिलं वाचन न थांबता. दुसऱ्यांदा शब्दाखाली रेघ, समासात पेन्सिलीने अंदाज, मग कोश. शेवटी मुलाचं स्वतःचं वाक्य: 'आजीने ओच्यात फुलं आणली.' ओचा, ओच्यात हे सामान्यरूप इथेच पक्कं होतं. पाच-सहा शब्द एकदम घेतले की गोष्टही तुटते आणि शब्दही राहत नाहीत.

सातवी रात्र क्रियापदासाठी फार मोलाची. पत्रावळ 'बनवत' नाहीत, 'लावतात'. मग दिवा लावणं, रोप लावणं, विडा लावणं शेजारी मांडा. एकाच क्रियापदाचा पसारा मुलाच्या डोळ्यांसमोर येतो.

उपदेशाचे लांब परिच्छेद शब्दांसाठी फारसे कामाचे नाहीत. ते वाचावेत, त्यांवर रेघा मारू नयेत.

गुरुजी १९५० साली गेले, स्वामित्वहक्क संपला, त्यामुळे बाजारात अनेक आवृत्त्या आहेत. संक्षिप्त किंवा सोपी केलेली घेऊ नका. तिच्यात नेमके असेच शब्द गळतात. दुकानात सहावी रात्र उघडून 'ओचे' आहे का पाहा. नसेल तर प्रत परत ठेवा.