मागचे बुश बदलले आणि गाडी तिरकी चालायला लागली, माझे पैसे गेले, निदान तुमचे वाचवा

मी भांडुपला राहतो, गाडी 2011 ची सेडान आहे, मागे मल्टीलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक मागचं चाक अनेक दांड्यांनी (आर्म) धरलेलं. एलबीएस रोडच्या खड्ड्यांनी मागून खडखड यायला लागली, स्पीडब्रेकरवर तर बाबा मागे बसले की हमखास म्हणायचे, अरे काहीतरी सुटलंय बघ. घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली, मागच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, गेले होते आणि ते खरंच गेले होते, त्यात तो खोटं बोलला नाही. 13,800 घेतले.

गाडी घेऊन निघालो तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सरळ जाताना स्टेअरिंग उजवीकडे वाकडं. परत नेली. त्याने अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून दिली, स्टेअरिंग सरळ झालं, प्रिंट मागितली तर म्हणाला साहेब प्रिंटर बंद आहे. मी मान्य केलं, इथेच चुकलो. नंतर कळलं की त्याने फक्त पुढच्या चाकांचे टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडलेल्या दांड्या) फिरवले होते, मागे हातच लावला नव्हता. मागची चाकं तिरकी तशीच, पुढची त्यांच्या हिशोबाने जुळवून घेतली, म्हणून चालवताना काही वाटायचं नाही.

गणपतीला गावी निघालो, आई-बाबा, बायको, मुलगी सगळे गाडीत, वडखळजवळ पावसात ब्रेक मारला तर मागची बाजू सरकली. कोणाला काही झालं नाही पण आईचा चेहरा अजून आठवतो. मुंबईला आल्यावर बघितलं तर मागचा उजवा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत, बाहेरून नवा दिसतोय. तीन महिन्यांत.

परत तोच गॅरेजवाला. म्हणे शॉकअप गेलेत, नवे टाकले, 11,500. आठ दिवसांनी तेच, मग म्हणे साहेब क्रॉसमेंबर (आर्म ज्यावर बसतात ती आडवी फ्रेम) वाकलाय, 40,000 धरा. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, कारण गाडी कधी ठोकलीच नाही, क्रॉसमेंबर वाकेल कसा?

ठाण्यात एका अलाइनमेंटवाल्याकडे गेलो, त्याने चारही चाकांना सेन्सर लावले आणि मला स्क्रीनसमोर उभं केलं. मागच्या डाव्या चाकाचं पुढचं टोक 0.10 अंश आत, उजव्याचं 0.70 अंश बाहेर. म्हणजे मागची दोन्ही चाकं गाडीला उजवीकडे ढकलत होती. मग रॅम्पखाली नेलं, टॉर्च मारला. मागच्या आर्मच्या आतल्या टोकाला जो बोल्ट असतो त्याचा वॉशर कॅमसारखा असतो, भोक मधोमध नसतं, फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो आणि टो, म्हणजे चाकाचा हाच आत-बाहेरचा कोन, बदलतो. त्या वॉशरच्या शेजारी ब्रॅकेटवर चंद्रकोरीएवढी जागा स्वच्छ होती, बाकी सगळीकडे गंज. म्हणजे जुना वॉशर इतकी वर्षं तिथे बसलेला, आणि नवे बुश टाकताना खूण न करता तो भलतीकडेच फिरवून घट्ट केलेला. दोन मिनिटांचं काम, रंगाची एक रेघ मारायची होती.

दुसरी गोष्ट, बुश आताच फाटलेला. बुशमध्ये रबराच्या आत लोखंडी नळी असते, बोल्ट घट्ट केला की ती नळी ब्रॅकेटला धरते आणि मग आर्म वर-खाली झाला की फक्त रबर पिळलं जातं. पहिल्या गॅरेजवाल्याने चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट टाइट केले, मग गाडी खाली आली की रबर सतत पिळलेलं, उजवी बाजूही जरा उंच राहिली. हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे घट्ट करायचे असतात.

आणि शॉकअप. ठाण्याच्या अलाइनमेंटवाल्याने पेट्रोलचं फडकं फिरवलं तर काळा रंग फडक्यावर आला, खाली छापलेलं 2011. माझेच जुने शॉकअप, स्प्रे मारून परत बसवलेले, आणि त्यांना लीकेजसुद्धा नव्हतं!

त्याने नवे बुश टाकले, बोल्ट चाकांवर वजन ठेवून घट्ट केले, आधी मागचं मग पुढचं अलाइनमेंट केलं, आधीची-नंतरची दोन्ही प्रिंट दिली. लेबरसकट 5,600. टायरचा खर्च वेगळा.

ज्यांना मागचे बुश बदलायचेत त्यांनी कृपया काम सुरू व्हायच्या आधी कॅम बोल्टवर स्वतः मार्करने रेघ मारून फोटो काढा, जुना माल मागून घ्या, शॉकअपचा नंबर आधी टिपा, आणि मागच्या चाकांचं रीडिंग प्रिंटवर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. कच्च्या बिलावर तर अजिबात नको, माझं पहिलं बिल कच्चंच होतं आणि तेच आता नडतंय.

मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केलीय. शॉकअपच्या बिलावर जीएसटी नंबर आहे, तेवढ्याचे पैसे परत द्यायला गॅरेजवाला कसाबसा तयार झालाय, बुशच्या पैशांवर अजून भांडण चालू आहे. ते फडकं मी पिशवीत घालून डिकीत ठेवलंय.